नोकरी सुटली, ग्लोव्ह खुंटीला टांगला: आता पहिली कादंबरी

आयुष्याची ऐन वर्षं कंपनीत काढली, त्याआधी किंवा त्याच्या जोडीने बेसबॉल खेळलो, आणि आता कादंबरी लिहायची आहे. असं कुणी म्हटलं की ऐकणारा जरा गालातल्या गालात हसतो. हसू द्या. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर लॉस एंजेलिसमध्ये तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. १९३२ मध्ये त्यांची नोकरी गेली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. अमेरिकन कादंबरीकार झेन ग्रे बेसबॉलच्या शिष्यवृत्तीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यक शिकले, न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दातांचा दवाखाना चालवला, आणि पहिली कादंबरी कुणी घेईना तेव्हा १९०३ मध्ये ती स्वतःच छापून आणली. त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते १९१२ च्या आसपास. चँडलर यांची पहिली कादंबरी १९३९ ची. नोकरी सुटणं आणि पुस्तक हातात येणं यांत सात वर्षं गेली, हा आकडा आधीच मनाशी धरून ठेवा. तिमाही निकालांची सवय झालेल्या माणसाला तो पचायला जड जातो.

या लेखातल्या पायऱ्या अशाच नवशिक्यांसाठी आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ऑफिसातून वेळ पाळण्याची शिस्त आणायची, तिथली भाषा मात्र दाराबाहेर ठेवायची. मैदानावरून शरीराच्या आठवणी आणि चूक पचवण्याची सवय आणायची; चषक आणि शेवटच्या इनिंगमधले विजयी फटके तिथेच राहू द्यायचे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पहिली पायरी: राजीनाम्याची घाई नको

कादंबरी लिहिण्यासाठी नोकरी सोडू नका. आधी लिहायला लागा. रोज पाऊण तास मिळत असेल तर पाऊण तास. तीन-चार महिने टिकलात आणि हातात पन्नासेक पानं जमली, की मग राजीनाम्याचा विचार करा. रिकाम्या दिवसात लिहिणं आपोआप होईल, हा समज फार लोकांना महागात पडतो. ऑफिस सुटलं की दिवसाला काठच उरत नाहीत. सकाळची दुपार होते, दुपारी बँकेची कामं निघतात, आणि संध्याकाळी आपण थकलेले असतो, कशाने ते कळत नाही.

निवृत्त झालाच असाल किंवा नोकरी गेलीच असेल, तर पहिल्याच आठवड्यात लिहिण्याची वेळ ठरवून घरच्यांना सांगा. मीटिंगची वेळ सांगायचात तशीच.

पैशांबद्दल थोडक्यात. पहिल्या कादंबरीचं उत्पन्न शून्य धरून घरखर्चाचा हिशोब मांडा. जिथे प्रकाशक आगाऊ रक्कम देतात तिथेही ती एकरकमी मिळत नाही. करारावर सही झाल्यावर थोडी, हस्तलिखित स्वीकारल्यावर थोडी, पुस्तक बाजारात आल्यावर थोडी, अशी ती येते. पुढची रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, आधी त्या आगाऊ रकमेतून वळती होते आणि ती फिटल्यावरच हातात पडू लागते.

दुसरी पायरी: जुना करार काढून वाचा

नोकरीला लागताना सही केलेला कागद कपाटातून काढा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, गोपनीयतेचं कलम. ते बहुधा नोकरी संपल्यावरही लागू राहतं. ग्राहकांची नावं, न झालेले सौदे, अंतर्गत ईमेल, किमती ठरवण्याच्या पद्धती यांतलं काहीही जसंच्या तसं कादंबरीत घालता येत नाही. दुसरी, नोकरीच्या काळात तुम्ही जे निर्माण कराल त्यावर कंपनीचा हक्क सांगणारं कलम. काही करारांत त्याची भाषा फार ऐसपैस असते. म्हणून कादंबरीची एक ओळही कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या ईमेलवर किंवा कामाच्या वेळेत लिहू नका.

माणसांचं काय? नुसतं नाव बदलून भागत नाही. हुद्दा, लकब, घटस्फोट, उजव्या गालावरचा व्रण हे सगळं तसंच ठेवून फक्त नाव बदललं, तर ओळखणारे ओळखतातच. बदनामीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. शंका असेल तिथे वकिलाला पान दाखवा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दोन-तीन खऱ्या माणसांचे तुकडे जोडून घडवलेलं पात्र कादंबरीला जास्त उपयोगी पडतं. खरा साहेब तुम्हाला पुरता कळलेला नसतो. घडवलेला साहेब कळून घ्यावाच लागतो.

तिसरी पायरी: खेळाडूच्या डोळ्यांनी वाचा

खेळलेल्या माणसाची सामना बघण्याची नजर वेगळी असते. बाकीचे चेंडूकडे बघतात. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक, कुठे सरकला, बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरने बसण्याची जागा का बदलली, ते बघतो. कादंबरी तशी वाचायची. प्रसंग कुठे सुरू केला? माणूस दारातून आत येताना की बोलाचाली अर्ध्यावर आल्यावर? दहा वर्षं एका वाक्यात उरकली आणि दहा मिनिटांना बारा पानं दिली, ती का?

चँडलर यांनी स्वतःला शिकवण्यासाठी केलेला एक व्यायाम मला फार कामाचा वाटतो. त्या काळच्या रहस्यकथा छापणाऱ्या स्वस्त मासिकातली दुसऱ्या लेखकाची कथा त्यांनी घेतली, तिचा सविस्तर आराखडा काढला, आणि मग मूळ कथा न पाहता त्या आराखड्यावरून ती स्वतःच्या शब्दांत लिहिली. नंतर दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिली. तुम्हीही आवडत्या कादंबरीतलं एक प्रकरण घ्या आणि हेच करा. आपलं कुठे फसतं ते कुठल्याही कार्यशाळेपेक्षा लवकर कळेल. हे लिखाण मात्र फक्त सरावासाठी. ते कुठे पाठवायचं नाही आणि आपल्या कादंबरीत मिसळायचंही नाही.

चौथी पायरी: दोन वह्या

कथानक सुचायच्या आधी साहित्य जमवा. एक वही मैदानाची, एक ऑफिसची.

मैदानाच्या वहीत निकाल लिहू नका. शरीराला जे आठवतं ते लिहा. लाकडी बॅटच्या बरोबर मध्यावर चेंडू बसला की हाताला काहीच जाणवत नाही आणि मुठीजवळ बसला की थंडीत बोटं झिणझिणतात. नव्या ग्लोव्हला तेल चोळून त्यात चेंडू बांधून ठेवणं. घसरत बेस, म्हणजे धावताना गाठायचा टप्पा, गाठल्यावर दातांत येणारी माती. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेत, थुंकलेल्या सूर्यफुलाच्या बियांचा थर. कॅचरच्या वाकड्या झालेल्या बोटांना घरी कुणी काय म्हणायचं. राखीव बाकावर बसून दुसऱ्याने चूक करावी असं मनात येणं, आणि त्याची लाज. शेवटचं लिहिताना हात अडखळला, तर वही बरोबर चालली आहे असं समजा.

ऑफिसच्या वहीत घरी बसून लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेलं लिहा. निर्णय मीटिंगच्या आधीच कसा झालेला असतो. बढती हुकलेला माणूस त्या दिवशी जेवायला कुणाशेजारी बसतो. एखाद्याचं नाव ईमेलच्या यादीतून हळूच गळतं, तेव्हा ते सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं. लिफ्टमध्ये साहेब असला की बोलणं कुठल्या विषयाकडे वळतं. कर्मचारी कपातीच्या दिवशी कोण उगाचच हसत असतं. ही माहिती ग्रंथालयात मिळत नाही. तुम्ही ती आयुष्याची वर्षं मोजून मिळवलेली आहे.

पाचवी पायरी: गोष्ट कुणाची आणि तिला हवं काय

पहिला खर्डा बहुधा आत्मचरित्रच असतो, फक्त नायकाचं नाव वेगळं असतं. नायक हुशार, प्रामाणिक, संघासाठी झटणारा, आणि जग त्याच्यावर अन्याय करणारं. अशी कादंबरी लिहिणाऱ्याला सुखावते, वाचणाऱ्याला तिसाव्या पानावर झोप येते. उपाय साधा आहे. आपल्या आयुष्यातला प्रसंग घ्या आणि तो दुसऱ्याच्या बाजूने लिहा. तुम्हाला संघातून वगळणारा प्रशिक्षक. तुमच्या जागी आलेला तरुण. तुम्ही ज्याला कामावरून काढलंत तो. शेवटच्यापाशी जायला धैर्य लागतं. माझ्या मते कादंबरी बहुतेक वेळा तिथेच असते.

ऑफिस आणि मैदान एकाच पुस्तकात आणायचंच असं नाही. आणायचं असेल तर दोन्ही एकमेकांवर आदळतील अशी जागा शोधा. जपानमध्ये अशी जागा खरोखरच आहे. तिथे मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे बेसबॉल संघ असतात. खेळाडू कंपनीचे कर्मचारी असतात आणि काम सांभाळून सराव करतात. अमेरिकेत नाव कमावलेले पिचर (चेंडू फेकणारे) हिदेओ नोमो व्यावसायिक खेळाडू होण्याआधी अशाच एका पोलाद कंपनीच्या संघातून खेळत. या संघांची आंतरशहर स्पर्धा १९२७ पासून सुरू आहे, आणि तिच्यात एक विलक्षण नियम आहे. मुख्य स्पर्धेत पोचलेला संघ आपल्याच विभागातल्या, पात्रता फेरीत हरलेल्या संघांमधून काही खेळाडू उसने घेऊ शकतो. म्हणजे ज्यांनी तुम्हाला हरवलं, त्यांचाच गणवेश घालून तुम्ही खेळता, आणि तुमच्या कंपनीतले सहकारी घरी बसून ते पाहतात. एवढ्या एका नियमावर अख्खी कादंबरी उभी राहील. घ्यायची असेल तर खुशाल घ्या.

गोष्ट ठरली की एका कागदावर चारच वाक्यं लिहा: हा माणूस कोण, त्याला काय हवं आहे, ते मिळू नये असं कुणाला वाटतं, आणि ते मिळालं तर तो काय गमावेल. चौथं वाक्य लिहिता येत नसेल तर तुमच्याकडे अजून प्रसंगच आहेत, कादंबरी नाही. आणि कृपा करून याची स्लाइड बनवू नका.

सहावी पायरी: ऑफिसची भाषा उतरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जाईल, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑफिसात आपण करणाऱ्याला लपवायला शिकतो. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘त्रुटी आढळून आल्या’, ‘संबंधितांना कळवण्यात आलं आहे’. कुणी घेतला, कुणाला आढळल्या, कुणी कळवलं? त्या भाषेचं कामच मुळी ते सांगायचं टाळणं. कादंबरीला नेमकं तेच हवं असतं. शिवाय ऑफिसातल्या लिखाणात निष्कर्ष आधी आणि तपशील नंतर येतो, कारण वाचणाऱ्याला वेळ नसतो. कादंबरीत निष्कर्ष वाचकाने काढायचा असतो. तुम्ही तो आधीच हातात दिलात तर त्याला करायला काही उरत नाही.

उदाहरण घेऊ. ऑफिसातून नुकत्याच सुटलेल्या हाताने लिहिलेलं वाक्य असं असतं:

‘कर्मचारी कपातीबाबत त्याला योग्य पद्धतीने अवगत करण्यात आलं. ही बातमी त्याच्यासाठी अत्यंत धक्कादायक होती व त्याच्या मनात संमिश्र भावना निर्माण झाल्या.’

आता तेच पुन्हा:

‘तो आत गेला तेव्हा टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला होता. त्या खोलीत एरवी कुणी कुणाला पाणी विचारत नसे. त्याने ग्लासकडे पाहिलं आणि त्याला कळलं. समोरच्या बाई बोलत होत्या, एकेक कागद पुढे सरकवत होत्या. सही कुठे करायची ते त्यांनी पेन्सिलीने आधीच खुणा करून ठेवलं होतं. आता हे पाणी प्यावं की नाही, एवढाच विचार त्याच्या डोक्यात चालला होता.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘धक्का’ हा शब्द कुठेच नाही. भावनेचं नाव न घेता ती दिसेल अशी वस्तू शोधायची, आणि ती वस्तू बहुधा तुमच्या वहीत आधीच असते. ग्लासाचा तपशील शाळेतल्या निबंधातून येत नाही. त्या खोलीत बसलेल्यालाच तो सुचतो, मग तो टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलेला असो.

संवादांचंही तेच. ऑफिसात आपण मुद्देसूद बोलतो, निदान तसा आव आणतो. गोष्टीतली माणसं मुद्देसूद बोलू लागली की पुठ्ठ्याची वाटतात. इथे मैदान मदतीला येतं. पिचर घसरायला लागला की कॅचर खेळ थांबवून माउंडवर, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, जातो आणि दोघं तोंडासमोर ग्लोव्ह धरून बोलतात. प्रेक्षकांना वाटतं, मोठं डावपेचांचं खलबत चाललंय. खेळलेल्यांना ठाऊक असतं की पुष्कळदा ते बोलणं भलत्याच विषयावर असतं, कारण पिचरचं मन चेंडूवरून काढणं हाच त्या भेटीचा हेतू असतो. यावर एक व्यायाम करा. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, तीनही बेसवर खेळाडू, कॅचर माउंडवर येतो. एक पान संवाद लिहा. चेंडू, बॅटर आणि धावसंख्या यांचा उल्लेख करायचा नाही. तरीही पिचर घाबरलाय हे वाचकाला कळलं पाहिजे. मग हाच व्यायाम ऑफिसच्या कँटीनमध्ये नेऊन करा. दोघांपैकी एकाला ठाऊक आहे की दुसऱ्याची नोकरी जाणार आहे. विषय पावसाचा.

लिहिलेलं मोठ्याने वाचण्याची सवय लावा. ‘अनुषंगाने’, ‘सदर’, ‘प्राधान्यक्रम’, ‘सकारात्मक दृष्टिकोन’ असे शब्द जिभेला लगेच टोचतात. ते सगळे हद्दपार करायचे नाहीत. ते एखाद्या पात्राच्या तोंडी द्या. ते पात्र आपोआप उभं राहील. निवेदकाच्या तोंडी मात्र नकोत.

सातवी पायरी: रोजचं काम

इथे मात्र कंपनीची सवय पुरेपूर वापरा. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप तीस वर्षांहून अधिक काळ ब्रिटिश टपाल खात्यात नोकरीला होते. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पाव तासाला स्वतःकडून अडीचशे शब्द मागत. किती पानं झाली याची नोंद डायरीत ठेवत. नोकरीत असतानाच त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. तुमच्यासारख्या नवशिक्याने इतका वेग धरू नये. दिवसाला चारशे शब्द, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याचे दोन हजार, चाळीस आठवड्यांत ऐंशी हजार. पहिल्या कादंबरीला ही लांबी पुरून उरते. हा हिशोब मांडणं तुम्हाला जमतं; आतापर्यंत दुसऱ्यांच्या प्रकल्पांसाठी हेच केलंत.

मूड लागण्याची वाट पाहायची नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग या अव्वल व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. एवढ्या सामन्यांत कुणालाही रोज सूर सापडत नाही, तरी रोज मैदानावर उतरावं लागतं. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: १९७८ मध्ये टोकियोच्या जिंगू स्टेडियमवर सामना पाहताना बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला आणि आपण कादंबरी लिहू शकतो असं त्यांना वाटलं. सगळे ती इथपर्यंतच सांगतात. त्यानंतर कित्येक महिने आपला जॅझ बार बंद झाल्यावर रात्री ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत होते, हा भाग कुणी फारसा सांगत नाही. नवशिक्याच्या कामाचा आहे तो मात्र हाच.

पहिला खर्डा संपेपर्यंत मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. तिसऱ्या प्रकरणात नायकाला बहीण असावी असं सातव्या प्रकरणात सुचलं, तर समासात एक ओळ लिहा आणि बहीण आहे असं धरून पुढे चला. रोज थांबताना वाक्य अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी बसायला बरं पडतं.

आठवी पायरी: बेसबॉल पानावर आणताना

खेळाडू लेखक सामन्याचं धावतं समालोचन करतात. पहिली इनिंग, दुसरी इनिंग, स्ट्राइक, बॉल, फाउल. वाचक कंटाळतो, आणि ज्याने बेसबॉल पाहिलेलाच नाही तो पुस्तक मिटतो. अख्ख्या कादंबरीत दोन-तीन सामने पुरतात, आणि सामन्यातले दोन-तीन क्षण.

ते निवडताना खेळाची रचना ध्यानात घ्या. पिचर बॅटरपासून साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. त्या काळात पात्र विचार करू शकत नाही, म्हणून तिथे लांबलचक मनोगत घातलं की खोटं वाटतं. पण दोन चेंडूंच्या मधे वेळच वेळ असतो. कॅचरची खूण, पिचरचं मानेने नाही म्हणणं, बॅटरने पुन्हा ग्लोव्हचा पट्टा आवळणं. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष हलतो तो वेळ अगदी थोडा. कादंबरी उरलेल्या वेळात राहते. फटका एका वाक्यात उरका, त्याआधीच्या वीस सेकंदांना पान द्या.

नियम समजावून सांगायची पाळी आली, तर तो अशा प्रसंगात सांगा जिथे पात्राला त्या नियमाची झळ बसते. ‘तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला तर, पहिला बेस रिकामा असल्यास किंवा दोघं बाद झालेले असल्यास, एरवी बाद ठरणाऱ्या बॅटरला पहिल्या बेसकडे पळण्याची मुभा असते’ हे वाक्य पुस्तिकेतलं आहे. बाद झालो म्हणून मान खाली घालून निघालेला पोरगा, डगआउटमधून ‘पळ, पळ’ असा गलका, आणि त्याला काही न कळणं, असं लिहिलंत तर नियमही कळतो आणि पोरगाही. क्रिकेटशी तुलना करून समजवायचा मोह होईल. एखाद वेळ चालेल; प्रत्येक पानावर नको, नाहीतर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच मैदान येतं.

नववी पायरी: दुरुस्ती, आणि E चा रकाना

खर्डा संपला की महिनाभर तो बाजूला ठेवा. मग कागदावर छापून एका बैठकीत, फार तर दोन बैठकींत वाचा. हातात पेन नको. कुठे लक्ष उडालं एवढंच लक्षात ठेवा. दुसऱ्या वाचनात पेन घ्या आणि आधी मोठी कामं करा: नकोसं प्रकरण, उशिरा सुरू होणारी गोष्ट, काही न करणारं पात्र. पहिली वीस-पंचवीस पानं पुष्कळदा काढून टाकावी लागतात. ती तुम्ही स्वतःला तयार करण्यासाठी लिहिलेली असतात. वाक्यांची सफाई सगळ्यात शेवटी. जे प्रकरण उडणार आहे त्यातलं शुद्धलेखन तपासण्यात काय अर्थ?

बेसबॉलच्या धावफलकावर धावा आणि हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) यांच्या शेजारी E चा रकाना असतो, एररचा. चूक अख्ख्या स्टेडियमला दिसेल अशी टांगलेली असते आणि खेळ पुढे चालू राहतो. ऑफिसात आपण उलट शिकतो. तिथे चुकीला ‘शिकण्याची संधी’ म्हणून नटवतात. नटवू नका. हस्तलिखितासाठी एक साधा तक्ता करा: प्रकरण, काय बिघडलंय, कधी दुरुस्त करणार. बस.

या रकान्यात आणखी एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. फटका कुणाला अडवता आला नाही की तो क्षेत्ररक्षकाचा एरर धरायचा की बॅटरचा हिट, हे अधिकृत गुणलेखक ठरवतो. त्याची कसोटी अशी की सामान्य प्रयत्नात तो चेंडू अडवता आला असता का? तुमच्याकडे परत आलेल्या हस्तलिखितालाही हीच कसोटी लावा. एकाने नाकारलं आणि त्याचं कारण त्याच्या आवडीचं होतं, तर तो समोरच्याचा हिट, सोडून द्या. तिघांनी वेगवेगळं बोलत एकाच प्रकरणावर बोट ठेवलं, तर तो तुमचा एरर आहे. बहुतेकांना हा फरक करता येत नाही. मग ते एक तर प्रत्येक नकाराने खचतात किंवा एकही नकार मनावर घेत नाहीत.

दहावी पायरी: आधी कुणाला दाखवायचं

जुन्या हाताखालच्या लोकांना दाखवू नका. ते अजूनही ‘छान आहे सर’च म्हणणार. जोडीदाराला दाखवायचं असेल तर नेमकं काय विचारायचं ते ठरवून द्या. चार वाचक पुरेत. त्यातला एक बेसबॉल अजिबात न कळणारा असावा आणि एक कंपनीत कधीच काम न केलेला. ‘कशी वाटली’ असं विचारू नका. ‘कुठल्या पानावर वाचायचं थांबवावंसं वाटलं’ असं विचारा.

अकरावी पायरी: प्रकाशक आणि करार

पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची गेल्या काही वर्षांतली पुस्तकं चाळा. काय मागतात ते पाहा आणि तेवढंच पाठवा: बहुधा एक पानाचं पत्र, गोषवारा आणि पहिली काही प्रकरणं. पत्रात तुमच्या हुद्द्यांची यादी नको. कादंबरी कशाबद्दल आहे ते दोन परिच्छेदांत, आणि ती तुम्हीच का लिहू शकलात ते एका वाक्यात. त्या एका वाक्यात नोकरी आणि मैदान दोन्ही येऊ द्या.

इंग्रजी प्रकाशनाच्या बाजारात लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारे साहित्यिक एजंट असतात. ते लेखकाच्या उत्पन्नावर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्क्यांच्या आसपास दलाली घेतात, तीही पैसे आल्यावर. नुसतं हस्तलिखित वाचण्यासाठी फी मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा. प्रकाशकाच्या बाबतीतही तेच. तो तुमचं पुस्तक ‘निवडतो’ आणि मग छपाईचा खर्च तुमच्याकडे मागतो, तेव्हा तो तुम्हाला लेखक म्हणून पाहत नसून ग्राहक म्हणून पाहतो. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेल्या माणसांवर अशांचा विशेष लोभ असतो.

स्वतः प्रकाशित करणं ही निराळी गोष्ट आहे आणि त्यात कमीपणा नाही. झेन ग्रेंची सुरुवात तशीच झाली. तेव्हा संपादक, मुखपृष्ठकार आणि मुद्रितशोधक यांना तुम्ही पैसे देता, पण हक्क तुमच्याकडेच राहतात. मागणी येईल तसं छापून देणारी छपाई आता सोपी आहे, त्यामुळे हजार प्रती काढून घरात रचून ठेवायची गरज उरलेली नाही. खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती संपादकावर करू नका.

कॉपीराइटची फार काळजी नको. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या सदस्य देशांत लिखाण झालं की हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. काही देशांत नोंदणीचे वेगळे कायदेशीर फायदे असतात, ते पाहून घ्या.

उत्तर यायला महिने लागतात. अनेक ठिकाणी एकदम पाठवायला त्यांची हरकत नाही ना ते तपासा, कुणाला कधी पाठवलं याची नोंद ठेवा, आणि एका ठिकाणाहून होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. मधल्या काळात दुसऱ्या कादंबरीची चार वाक्यं लिहायला घ्या.

होकार आला की आनंदाच्या भरात सही करू नका. करार वाचणं हे तुमच्या जुन्या नोकरीतलं काम. ते इथे कामी येतं. कुठल्या भाषेचे आणि कुठल्या देशांतले हक्क देताय? ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क त्यातच गुंडाळलेत का? रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर? विक्रीचा हिशोब वर्षातून किती वेळा मिळणार? पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क तुमच्याकडे परत कधी येतात? पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क सांगणारं कलम असेल, तर ते काढून टाकायला सांगा किंवा त्याला मुदत घालून घ्या. उत्तरं तोंडी मिळाली तर ती करारात लिहून घ्या, मगच सही करा.